खालची जागा घेतोय, वरच्या शेजाऱ्याबरोबरच्या भिंतीने पोट काढलंय. खरेदीखताआधी काय काय करून घ्यावं?

उतारावरचं_घर

लांजा तालुक्यातली बिनशेती झालेली साडेसहा गुंठे जागा आणि तिच्यावरचं जुनं चिऱ्याचं घर घ्यायचं चाललं आहे. भाव ठरला आहे. साठेखत (खरेदीखताआधीचा करार) फेब्रुवारीअखेर, बँकेचं कर्ज आहे. घोडं अडलंय ते मागच्या भिंतीवर.

जागा उतारावर आहे. आमची खालची, वर शेजाऱ्यांचं अंगण. मधली चिऱ्याची भिंत ५० फूट लांब, १० फूट उंच. घराची मागची भिंत तिच्यापासून फक्त ६ फुटांवर. मधल्या साधारण १२ फुटांत भिंतीला फुगा आहे. वरून ओळंबा सोडला तर जमिनीपासून ४ फुटांवर ती ५ इंच बाहेर आली आहे. समोरून सिमेंटचा गिलावा, तोही अलीकडचा. पाणी जायला एकही भोक नाही. फेब्रुवारी उजाडला तरी खालचे दोन थर ओले. वर शेजाऱ्यांचा शौचालयाचा शोषखड्डा भिंतीच्या काठापासून ८ फुटांवर, आणि त्याच पट्ट्यात त्यांची गाडी उभी असते.

विकणारे म्हणतात भिंत वरच्यांची. वरचे म्हणतात, भिंत खालच्यांनी बांधली, आमचा संबंध नाही, पण करायची असेल तर "बघू, थोडेफार देऊ". तर: १) भिंत नक्की कुणाची हे कसं ठरतं? २) गिलावा फोडून दर्जा (चिऱ्यांमधले सांधे) भरून भागेल का? ३) शेजाऱ्यांशी लेखी काय करावं? ४) व्यवहार या पावसाळ्याआधी करावा की नाही?

---

ओळंबा

आधी दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो, कारण बाकीचं त्यावर अवलंबून आहे. नाही भागणार. ५ इंचांचा फुगा म्हणजे तोंडाचे चिरे मागच्या भरावापासून सुटून पुढे सरकले आहेत. दर्जा भरून ते मागे जात नाहीत. गिलाव्याने तर उलट नुकसान केलंय. सांध्यांतून जे थोडंफार पाणी पाझरून जात होतं, तेही त्याने अडवलं.

भिंत पडते ती बहुतेक वेळा मातीने नाही, पाण्याने. ढोबळ हिशेब बघा. १० फूट म्हणजे ३ मीटर उंची, निचरा होणारी मुरमाड माती, घनमीटरला १.८ टन. अशी माती भिंतीच्या दर मीटर लांबीवर साधारण २.७ टन आडवा जोर लावते. हीच माती वरपर्यंत पाण्याने भरली की एकट्या पाण्याचा जोर ४.५ टन, त्यात बुडालेल्या मातीचा दीड-एक टन. म्हणजे ६ टनांच्या आसपास, दुपटीहून जास्त. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. भोकं नसलेली भिंत तिथे धरणासारखी वागते, पण ती धरण म्हणून बांधलेली नसते.

गाडीचंही गणित आहे. काठालगत गाडी उभी राहते म्हणून चौरस मीटरला १ टन भार धरला तर आणखी १ टन आडवा जोर येतो. तो मातीच्या जोरापेक्षा वरच्या पातळीवर लागतो, त्यामुळे भिंत उलथवण्यात त्याचा वाटा कोरड्या मातीच्या निम्म्याहून जास्त असतो. आजपासून गाडी काठापासून १० फूट मागे लावायला सांगा. फुकटचा उपाय आहे.

आता तपासणी. साठेखताआधी एवढं तरी करा:

भिंतीची जाडी बघा. भिंत जिथे संपते त्या टोकाला तिचा छेद दिसतो. एकेरी चिरा, म्हणजे ९ इंच, असेल तर ती संरक्षक भिंत नव्हेच, मातीला लावलेलं तोंड आहे. दगडी भिंत ३ मीटर माती स्वतःच्या वजनावर पेलायची तर पाया उंचीच्या निम्म्याहून थोडा रुंद लागतो, म्हणजे १.६ ते १.८ मीटर, आणि माथा ०.६ मीटर.

वरच्या अंगणात भिंतीला समांतर भेगा आहेत का? असतील तर काठापासूनचं अंतर, लांबी, रुंदी मोजून तारखेसह फोटो काढा. भेगेत ओलसर गाळ असेल तर पावसाचं पाणी थेट भिंतीमागे उतरतंय.

ओल कसली आहे? डिसेंबरनंतर पाऊस नाही, तरी खालचे थर ओले म्हणजे पाणी बहुधा पावसाचं नाही. शोषखड्डा, पाण्याची टाकी किंवा बागेची नळी. खड्ड्यात फ्लुरोसिन रंग टाकून दोन-तीन दिवस भिंतीवर लक्ष ठेवा. हिरवट पिवळा रंग दिसला तर वादच संपला. नाही दिसला तर मात्र खड्डा निर्दोष ठरत नाही, माती रंग धरून ठेवते.

पायाखाली काय आहे? फुग्यापासून लांब, भिंतीच्या टोकाजवळ, ३ फूट बाय ३ फूट असा चाचणी खड्डा घ्या, ४ फूट खोल. जांभा कातळ लागला तर उत्तम. कोकणात जांभ्याच्या थराखाली बरेचदा पांढरट-गुलाबी, बोटाला साबणासारखी लागणारी चिकणमाती असते. ती लागली तर तिच्यावर पाया ठेवू नका, पाण्याने तिचं लोणी होतं. आणि फुग्याच्या समोर, भिंतीच्या पायाशी अजिबात खोदू नका. तिथली माती हाच भिंतीचा शेवटचा आधार असतो.

भेगांवर काचपट्टी चिकटवून वाट बघा असा सल्ला कुणी देईल. लावा, हरकत नाही. पण कोरड्या दिवसांत हालचाल दिसली नाही म्हणून भिंत ठीक आहे असं धरू नका.

---

जुना_भूकरमापक

भिंत कुणाची, याबद्दल.

भिंत ही हद्द नव्हे. कोकणात हद्दीवर बांधलेला गडगा वेगळा आणि माती अडवायला बांधलेली भिंत वेगळी. दुसऱ्या प्रकारची भिंत बहुतेक वेळा हद्दीपासून एक-दोन फूट इकडे नाहीतर तिकडे असते, कारण बांधताना मोजणी कुणी केलेली नसते. म्हणून आधी हद्द कायम मोजणीचा अर्ज. तुम्ही अजून मालक नाही, म्हणून अर्ज विकणाऱ्यांच्या नावाने, तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडे. अर्ज ऑनलाइन भरता येतो. लगतच्या सगळ्या धारकांना नोटीस जाते, त्यात वरचे शेजारीही आले. त्या दिवशी त्यांना जातीने हजर ठेवा, पंचनाम्यावर सही घ्या. सही दिली नाही तर तशी नोंद करायला सांगा.

मोजणीच्या वेळी भूकरमापकाला एक गोष्ट स्पष्ट सांगा: भिंतीचं तोंड आणि भिंतीचा माथा, दोन्ही रेषा नकाशावर दाखवा. नाहीतर 'क' प्रतीवर, म्हणजे मोजणीच्या नकाशाच्या प्रतीवर, नुसती हद्द येते आणि भिंत कुठल्या बाजूला हा घोळ तसाच राहतो. हद्दीच्या खुणा त्याच दिवशी सिमेंटमध्ये पक्क्या करा. चुन्याची रेघ पहिल्या सरीत जाते.

गावठाणातली जागा असती तर मिळकत पत्रिका बघावी लागली असती. तुमची गावठाणाबाहेरची बिनशेती आहे, म्हणजे सातबारा, बिनशेती आदेश आणि त्याला जोडलेला मंजूर रेखांकन नकाशा. तो नकाशा जरूर मागा. घर बांधताना डोंगर किती कापला ते त्यातल्या पातळ्यांवरून कळू शकतं.

आणि वरच्यांचा सातबारा काढा. त्यावर किती नावं आहेत ते मोजा. पुढे करार करायचा झाला तर गावात राहणाऱ्या एका काकांची सही पुरत नाही.

---

वकिली_चष्मा

भूकरमापकांनी हद्दीचं सांगितलं ते बरोबरच, पण खर्चाची जबाबदारी फक्त हद्दीवरून ठरत नाही. विचारायचा प्रश्न असा: जमिनीची मूळ पातळी कुणी बदलली?

भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२ च्या कलम ७ मध्ये उदाहरण आहे. प्रत्येक जमीनमालकाला आपल्या जमिनीला शेजारच्या जमिनीचा नैसर्गिक आधार मिळण्याचा हक्क आहे, जमीन नैसर्गिक स्थितीत असेल तर. त्यामुळे खालच्याने घरासाठी डोंगर कापला असेल तर आधार त्याने काढला आणि पर्याय म्हणून भिंत देणं त्याच्याकडे येतं. वरच्याने अंगण सपाट करायला भराव टाकला असेल तर तो नैसर्गिक स्थितीतला नाही, तो अडवण्याचा खर्च खालच्याच्या माथी मारता येत नाही. तरी एक मेख आहे. असा कृत्रिम भार २० वर्षं अखंड, शांतपणे खालच्या जमिनीच्या आधारावर उभा असेल तर कलम १५ खाली आधाराचा हक्क पक्का होतो. मग खालच्याने तो आधार काढून घ्यायचा नाही. पण त्याच कायद्याच्या कलम २७ प्रमाणे, स्वतःच्या खर्चाने वरच्यासाठी काही बांधून देण्याचंही बंधन त्याच्यावर नाही. दोन्ही बाजू आपापल्या सोयीचं निम्मं वाक्य सांगतात, म्हणून हे सविस्तर लिहिलं.

कापणी की भराव, हे कसं ओळखायचं ते ओळंबा सांगतील. वास्तवात उतारावर बहुधा दोन्ही झालेलं असतं. खालच्याने कापलं, निघालेली माती वरच्याने अंगणात ओढली. अशा ठिकाणी निम्मं-निम्मं हेच शहाणपणाचं.

पाण्याचं वेगळं आहे. वरच्या जमिनीवर पडलेलं पावसाचं पाणी नैसर्गिकरीत्या खाली आलं तर खालच्याने ते घ्यायचं असतं. शोषखड्ड्याचं पाणी, किंवा पन्हळीतून गोळा करून एका जागी सोडलेलं पाणी, यात येत नाही. शोषखड्डा हलवण्याचा खर्च त्यांचाच, यावर तडजोड करू नका.

विकणाऱ्यांची जबाबदारी: मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५(१)(अ) प्रमाणे, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही सापडणार नाही असा महत्त्वाचा दोष सांगणं बंधनकारक आहे. न सांगणं ही फसवणूक समजली जाते. मात्र फुगा तुम्हाला डोळ्यांनी दिसला आहे, तुम्ही मोजला आहे. तो लपलेला दोष राहिला नाही. नंतर या मुद्द्यावर भांडायला गेलात तर तुमच्याच धाग्यात लिहिलेलं ओळंब्याचं माप तुमच्या विरोधात जाईल. जे काही करायचं ते साठेखतात.

साठेखतात साधारण असं कलम घाला: "सदर मिळकतीच्या मागील बाजूस असलेल्या संरक्षक भिंतीचे काम सोबत जोडलेल्या नकाशा व तपशिलाप्रमाणे पूर्ण होऊन त्याबाबत स्थापत्य अभियंत्याचा दाखला मिळाल्याशिवाय लिहून घेणार यांच्यावर खरेदीखत करून घेण्याचे बंधन राहणार नाही, त्या कारणाने झालेल्या विलंबामुळे इसाऱ्याची रक्कम जप्त करता येणार नाही." नकाशा आणि तपशील जोडल्याशिवाय हे कलम निरुपयोगी, कारण "काम पूर्ण" म्हणजे गिलावा आणि रंग असाही अर्थ निघतो.

दुसरा मार्ग किंमत कमी करून घेण्याचा. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि सरकारी बाजारमूल्य यांत जे जास्त त्यावर लागतं, त्यामुळे त्यात बचत होईलच असं नाही. काही जण खरेदीखत करून थोडी रक्कम राखून ठेवायला सुचवतात. कर्ज असताना ते अवघड जातं, कारण न दिलेल्या किमतीपुरता विकणाऱ्याचा मिळकतीवर बोजा राहतो आणि बँकेला ते चालत नाही. किंमत कमी करणं जास्त स्वच्छ.

---

ओळंबा

कापणी की भराव: भिंत जिथे संपते, तिच्या पलीकडचा उघडा दरडीचा भाग बघा. जांभ्याचे आडवे थर, मुळं न हललेली, रंग एकसारखा म्हणजे मूळ जमीन, कापलेली. सुटी माती, त्यात कौलांचे तुकडे, प्लास्टिक, चिऱ्यांचा चुरा म्हणजे भराव. वरच्या अंगणातलं जुनं झाड असेल तर त्याचा बुंधा बघा. बुंध्याचा पसरट भाग मातीत गाडला गेला असेल तर तिथे नंतर माती पडली आहे. चाचणी खड्डा वरच्या अंगणातही एक घ्या, काठापासून १२ फुटांवर. भराव किती फूट ते लगेच कळेल.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे: भिंत नव्याने बांधायला शेजाऱ्याच्या हद्दीत किती शिरावं लागेल? पाया १.६५ मीटर रुंद धरा. त्याच्या मागे मातीची कापणी सरळ उभी ठेवता येत नाही, भरावात तर नाहीच. ३ मीटर उंचीला निदान दीड मीटर तिरकी. म्हणजे माथ्यावर तोंडापासून ३ मीटर, सुमारे १० फूट मागे कापणी येते. शोषखड्डा ८ फुटांवर आहे. तो कापणीतच पडतो. त्यामुळे "शोषखड्डा नंतर बघू" असं म्हणताच येत नाही, काम त्यापासूनच सुरू होतं. नवा खड्डा भिंतीपासून शक्य तितका लांब, उताराच्या आडव्या दिशेला, आणि पिण्याच्या विहिरीपासून १८ मीटर सोडून.

भिंत न पाडता, तुमच्याच बाजूला दुसरी भिंत उभारण्याचा पर्याय तुमच्याकडे नाही. ६ फुटांच्या बोळात साडेपाच फुटांचा पाया टाकला की घराच्या पायाला भिडतो.

---

धुमस

बांधकामाच्या बाजूने लिहितो. वरचे हिशेब धरून, १५ मीटर लांब, ३ मीटर उंच, काळ्या डबराची सिमेंटातली भिंत, जमिनीखाली ०.६ मीटर पाया:

डबर बांधकाम सुमारे ६८ घनमीटर, म्हणजे २४ ब्रास. १:६ मसाल्याला सिमेंट ११० ते ११५ गोण्या, खालच्या १५ सेंटिमीटर काँक्रीट थरासाठी आणखी २० च्या आसपास. भिंतीमागे ४० सेंटिमीटर जाडीचा खडीचा थर, ६ ब्रास. पाणी जायची भोकं ४ इंची पीव्हीसी पाइपाची: तळापासून १ फुटावर एक ओळ, ५ फुटांवर दुसरी, आडवं अंतर ५ फूट, वरची ओळ खालच्या ओळीच्या मधोमध येईल अशी. एकूण २० भोकं, पाइप २७ मीटर. तळाला भोकं पाडलेला ६ इंची पाइप १५ मीटर, बाहेर काढायला आणखी ५, शंभराला एक उतार. न विणलेलं जिओटेक्स्टाइल कापड ६० चौरस मीटर, जोडावर एक फूट चढवून.

कापड कुठे बसतं यावर लोक चुकतात. ते खडी आणि माती यांच्या मध्ये. भिंत आणि खडी यांच्या मध्ये नाही. खडीच्या थराला मातीच्या बाजूने गुंडाळायचं आणि वरून झाकून घ्यायचं. कापड नसेल तर दोन-तीन पावसाळ्यांत खडीच्या फटी गाळाने भरतात आणि भोकं बाहेरून कोरडी दिसतात. कोरडं भोक बघून लोक खूश होतात, पण जुलैत कोरडं भोक म्हणजे तुंबलेलं भोक. गढूळ पाणी येत असेल तर तेही वाईट, मागची माती वाहून चालली आहे.

भिंत एकदम पाडायची नाही. ५० फुटांचे ७-७ फुटी सात तुकडे करा. आधी १, ४, ७. ते बांधून, मागे भरून झाले की २, ५. मग ३, ६. फुगा तिसऱ्या-चौथ्या-पाचव्या तुकड्यात येतो. तिथे आधी वरून ३ फूट माती उतरवून घ्या, मगच हात लावा. मागचा भराव ८-८ इंचांच्या थरात, प्रत्येक थर धुमसाने ठोकून. भिंतीजवळच्या ३ फुटांत रोलर किंवा जेसीबी आणू नका, ताज्या भिंतीला तिथेच नवा फुगा येतो. प्रत्येक तुकड्यावर निदान ७ दिवस पाणी मारून झाल्यावरच मागे माती.

दर चौरस मीटरला दोन तरी आरपार दगड घाला. पूर्ण जाडीचे मिळत नाहीत, तेव्हा एकमेकांवर निम्मे चढणारे दोन. पुढचं तोंड आणि मागचं तोंड वेगवेगळं बांधून मध्ये चुरा भरायचा ही सवय मोडून काढावी लागते. तुमची सध्याची भिंत बहुधा तशीच आहे, म्हणून पोट सुटलं.

माती ३५ ब्रासच्या वर निघेल आणि ६ फुटांच्या बोळात ती मावणार नाही. ती वरच्या अंगणात कुठे ठेवायची हे आधी ठरवा. बाहेर वाहून न्यायची तर गौण खनिजाची तहसील कार्यालयाची परवानगी लागते. गाडी अडवली गेल्यावर धावपळ नको.

---

पऱ्याकाठ

दोन गोष्टी राहिल्यात. तळाच्या पाइपातलं आणि भिंतीच्या पायाशी करायच्या गटारातलं पाणी जाणार कुठे? शेवटी ते पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, नाहीतर रस्त्याच्या गटारात जायला हवं. मध्ये तिसऱ्याची जागा असेल तर त्याचीही लेखी संमती लागेल. भिंत झकास झाली आणि पाण्याचं तोंड घराच्या पायाशी सुटलं, हे फार ठिकाणी होतं.

दुसरं: ही भिंतीची अडचण आहे की आख्ख्या उताराची? वरच्या अंगणाच्याही मागे, डोंगराच्या बाजूला भेगा, तिरकी झालेली झाडं, नवे झरे दिसत असतील तर भिंत कितीही चांगली बांधली तरी उपयोग नाही. जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यात तळियेला डोंगरच खाली आला, तिथे कुठल्या भिंतीने काय केलं असतं? भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडप्रवण क्षेत्रांचे नकाशे भूकोश पोर्टलवर बघता येतात. तुमचं गाव त्यात कुठल्या रंगात येतं ते बघून घ्या.

---

उतारावरचं_घर

सगळ्यांचे आभार. नवी माहिती: टोकाला छेद दिसतो, भिंत वर ९ इंच आणि खाली १८ इंच आहे. वरच्या अंगणात काठापासून ४ फुटांवर २० फूट लांबीची भेग आहे. १२ फुटांवरच्या खड्ड्यात ५ फूट भराव, खाली जांभा. वरच्यांच्या सातबाऱ्यावर ११ नावं, त्यातले तिघे मुंबईला, एक दुबईला. वरचे आता निम्मा खर्च द्यायला तयार आहेत, पण "घरातल्या घरात कागद करू" म्हणतात. मोजणीची तारीख एप्रिलमध्ये मिळेल असं दिसतंय.

---

ओळंबा

१० फुटांपैकी निम्मा भराव, निम्मी कापणी. निम्मा खर्च हा न्याय्य आकडा आहे, पुढे ताणू नका.

एप्रिलमध्ये मोजणी, मग तुकड्यातुकड्याने काम, म्हणजे मेअखेर गाठणं कठीण. अर्धवट पाडलेली भिंत घेऊन मिरगात शिरू नका. त्यापेक्षा या पावसाळ्यापुरता बंदोबस्त करून मुख्य काम दिवाळीनंतर. बंदोबस्त असा: काठालगतच्या पट्ट्यातून ३ फूट माती उतरवा. उंची ३ मीटरची २.१ झाली की मातीचा जोर निम्म्यावर येतो, कारण तो उंचीच्या वर्गाने बदलतो. माती उतरवताना भेगही निघून जाईल. उतरवलेल्या पृष्ठभागाला भिंतीपासून उलट दिशेला उतार, बाजूने चर, वर ताडपत्री. फुग्याच्या १२ फुटांसमोर वाळूच्या पोत्यांची ४ फूट उंच थप्पी, तळाला ३ फूट रुंद, तिच्याखालून पाणी जायला दोन पाइप ठेवून. गिलावा खालच्या ३ फुटांत काढून टाका, पण हातोडीच्या हादऱ्याने नाही, कटरने चौकोन कापून अलगद. मागच्या खोल्या जून ते सप्टेंबर झोपायला वापरायच्या नाहीत. शोषखड्डा मात्र आत्ताच हलवा, त्याला मोजणी लागत नाही.

भिंतीचं संकल्पचित्र स्थापत्य अभियंत्याकडून आयएस १४४५८ प्रमाणे करून घ्या. डोंगराळ भागातल्या संरक्षक भिंतींचं मानक तेच. मी दिलेले आकडे अंदाजपत्रक तपासायला आहेत, बांधायला नाहीत. दर सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीशी ताडून पाहा.

---

वकिली_चष्मा

"घरातल्या घरात कागद" म्हणजे ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी. तो आजच्या सह्या करणाऱ्यांमध्ये चालेल, पण उद्या त्यांच्यातल्या एकाने हिस्सा विकला तर नव्या माणसावर खर्चाचं बंधन आपोआप जात नाही. तुमच्या जमिनीला आधार, वरच्या जमिनीत दुरुस्तीसाठी शिरण्याचा हक्क, पाण्याची वाट हे जमिनीशी जोडलेले हक्क (सुविधाधिकार) म्हणून दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. नोंदणीकृत दस्तावरून सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंदीसाठी तलाठ्याकडे अर्ज करता येतो.

दस्तात विकणारे, तुम्ही आणि वरचे सगळे ११. यात हे हवंच: 'क' प्रत आणि संकल्पचित्र जोडपत्र म्हणून, भिंतीचा खर्च निम्मा, शोषखड्डा आणि वरचं गटार त्यांचं, पायाचं गटार तुमचं, त्यांच्या हद्दीत १० फुटांपर्यंत खोदायची परवानगी आणि मुदत, पैसे तीन टप्प्यांत, पाया भरल्यावर, भिंत निम्मी झाल्यावर, मागचा भराव झाल्यावर, काठापासून १० फुटांत गाडी, टाकी, नवं बांधकाम नाही, पायाशी खोदकाम नाही, भोकं साफ करायला दरवर्षी मे महिन्यात प्रवेश. भिंत हद्दीच्या कुठल्याही बाजूला निघाली तरी त्यावरून कुणी जमिनीचा हक्क सांगणार नाही, हेही लिहा. मोजणीत एक फूट इकडे-तिकडे निघालं की तिथेच करार मोडतात.

साठेखत आत्ता करायचं तर खरेदीखताची मुदत पुढच्या फेब्रुवारीपर्यंत ठेवा आणि कर्ज मंजुरीची मुदत बँकेला विचारा, ती बहुधा त्याआधी संपते. पावसाळ्यात भिंत पडली तर नुकसान विकणाऱ्यांचं, असं स्पष्ट वाक्य घाला.

उद्या वरचे फिरलेच आणि भिंत धोकादायक झाली, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. पडून इजा होईल अशी बांधणी दुरुस्त करण्याचा किंवा तिला आधार देण्याचा आदेश ते देऊ शकतात. खर्चाची वाटणी मात्र तिथे होत नाही, ती दिवाणी न्यायालयात.

---

उतारावरचं_घर

दुबईतल्या भावाची सही कशी घ्यायची? तो दिवाळीला येईलच याची खात्री नाही.

---

वकिली_चष्मा

मुखत्यारपत्र. मजकूर इथून मराठीत आणि इंग्रजीत तयार करून पाठवा, त्यात भिंत, सुविधाधिकाराचा दस्त आणि नोंदणीसाठी हजर राहणं हे तिन्ही अधिकार नाव घेऊन लिहा. "माझ्या मिळकतीची सर्व कामे" असं मोघम लिहिलेलं दुय्यम निबंधक परत पाठवू शकतात. त्याने भारतीय वाणिज्य दूतावासात सही साक्षांकित करून मूळ कागद कुरियरने पाठवावा. इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरून घ्या. लिफाफा फेकू नका, पोहोचल्याची तारीख त्यावरूनच दाखवता येते. मुंबईच्या तिघांना मोजणीच्या तारखेलाच गावी बोलवा. हद्द त्यांनी डोळ्यांनी बघितली की दस्ताच्या वेळी "आम्हाला कुठे विचारलं होतं" हे येत नाही.